चिंचेच्या वासाचा रांजण

कोकुचो, १२ फेब्रुवारी १९९४

एल्विरा हिस,

वर 'चिरंजीव' लिहिलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. खाली आशीर्वादही नसेल. तुला कोणी पळवून नेलं की तूच हसत हसत पळून गेलीस, ते राहू दे. मुलगी पळवली की मुलाकडच्यांनी पावाची टोपली घेऊन माफी मागायला यायचं, मग बोलणं, मग येणंजाणं, ही आपली रीत. ती पुरी झाली नाही. का झाली नाही ते तुझ्या सासरच्यांना विचार. तोवर तू माझ्या उंबऱ्याच्या आत यायचं नाहीस आणि मी तुझ्या. पत्राला कोणी अडवत नाही, म्हणून लिहिते.

आणि लिहिते तेही तुझी आठवण येते म्हणून नाही. बातमी पोटात मावत नाही म्हणून.

अगं, माती सापडली! फिलेमोनाच्या शेतामागच्या उतारावर, जिथे तू गाढवावरून पडून दात पाडून घेतला होतास, तिथलं पाइनचं झाड वाऱ्याने उन्मळलं आणि मुळांखाली माती उघडी पडली. पिवळी, मऊ, लोण्यासारखी. मी चिमूटभर जिभेवर ठेवली. दाताखाली कचकच नाही, काही नाही. मी तिथेच बसून हसायला लागले. फिलेमोना म्हणाली, "दोमितिला, माती खाऊन हसतेस? आता तुला डॉक्टरकडे न्यायचं की पाद्रीबाबांकडे?" मी म्हटलं, "उरुआपानला ने!"

हो, उरुआपानला. झावळ्यांच्या रविवारच्या जत्रेत यंदा मी स्पर्धेत नाव दिलंय. लहान मडकी, कढया, उदबत्तीची भांडी ती वेगळी, विकायला. स्पर्धेसाठी मोठा रांजण. माझ्या खांद्याला लागेल एवढा. माझ्या आईनंतर आपल्या घरात एवढा कोणी केलेला नाही. तुझे बाबा म्हणाले, "एवढा कशाला? मावायचा कशात?" मी म्हटलं, "आधी होऊ द्या, मग मावायचं बघू." विकला गेला की माझ्या कामाच्या छपराला पत्रे घालायचे असं ठरवलंय. पावसात ओल्या भांड्यांवर गोधड्या पांघरवून मी कंटाळले.

गेल्या वर्षी त्याच जत्रेत तू चार वेळा पाणी आणायला गेलीस आणि चारही वेळा त्या मातीचे अननस विकणाऱ्या अननसवाल्यांच्या दुकानावरून गेलीस. नळ दुसऱ्या टोकाला होता, एल्विरा. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दोमितिला

---

कोकुचो, १ मार्च

एल्विरा हिस,

उत्तर आलं नाही. मी वाटही बघत नव्हते. बसचा ड्रायव्हर म्हणाला की पत्र तुझ्या हातातच दिलं आणि तू दारातच उभी राहून वाचायला लागलीस. बरं.

रांजण अर्ध्यावर आलाय! मी सकाळी उठते ती चूल पेटवायच्या आधी त्याच्यावरचा ओला कपडा उचलून बघते. रात्रीत कुठे खचला नाही ना, चीर गेली नाही ना. तुझे बाबा म्हणतात, "माझ्याकडे इतक्या प्रेमाने तू लग्नातसुद्धा बघितलं नव्हतंस." मी म्हटलं, "तुम्ही लग्नात इतके सरळ उभे नव्हता."

मातीच्या लांब वळ्या एकीवर एक चढवत मी त्याच्याभोवती फिरते. उलट्या पावलांनी, एक हात आत, एक हात बाहेर. शहरातल्या लोकांना वाटतं भांडं चाकावर फिरतं. आपल्याकडे भांडं राजासारखं जागेवर असतं आणि आपणच त्याच्याभोवती गरगरतो. फिरून फिरून जमिनीत वाट पडलीय. कोंबड्यापण आता त्या वाटेने चालतात.

पण पोट रुंद झालं आणि माझा हात पुरेना. बाहेरून दाबायचं तर आतून कोणीतरी टेकू द्यायला हवा. ते काम तुझं होतं. हात लांब आहेत तुझे, माझ्या सासूवर गेलीस. शेवटी तुझ्या बाबांना उभं केलं. त्यांनी हात आत घातला आणि पहिल्याच दाबाला असं काही ढकललं की रांजणाला टेंगूळ आलं. मी ओरडले, "अहो, ते भांडं आहे, अडकलेलं वासरू नाही!" मग मात्र त्यांनी नीट धरलं. डोकं आत घालून उभे होते. आतूनच म्हणाले, "हे तिचं काम होतं." मी म्हटलं, "काय म्हणालात?" तर म्हणाले, "काही नाही, धूळ गेली घशात." ओल्या मातीत कसली धूळ!

तुमच्याकडे काय, तुमचं बरं आहे. मोल्ड असतो म्हणे. हिरवा रंग फासला, शंभर पानं चिकटवली की झालं भांडं, त्याला म्हणायचं अननस. फळ खाता येत नाही, पाणी भरता येत नाही, दिवाणखान्यात ठेवून धूळ पुसत बसायचं. आणि तुझी सासू त्यातली मोठी कलावंत, असं ऐकते. मी तिला पाहिलेलं नाही. गेल्या वर्षी दुकानावर तो तुझा सिल्वानो आणि त्याचा काका होता. फिलेमोनाच्या जावेने तिला एका लग्नात पाहिलंय. ती म्हणाली, टर्कीसारखी मान आहे बाईची, लांब आणि लोंबती. मी काही म्हणत नाही, मी फक्त कळवते.

जेवतेस ना नीट? हे सहज विचारलं.

दोमितिला

---

कोकुचो, ११ मार्च

एल्विरा!

आज हसून हसून माझी बरगडी दुखतेय आणि सकाळी मी रडत होते, तर ऐक.

भाजणी झाली. काल वारा पडला होता, आज पहाटे आकाश स्वच्छ. रांजण चौघांनी उचलून मोकळ्या शेतात दगडांवर पालथा ठेवला, भोवती साली, वर लाकडं, अशी रचना केली की तुझी आजी असती तर तिनेही नाक मुरडलं नसतं. मदतीला फिलेमोना, तिचे दोन दीर आणि तुझे बाबा. मी दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. एकीत मदतनीसांना प्यायला चिंचेचं आतोले, मक्याचं पीठ, चिंच आणि भरपूर गूळ घालून, तुला आवडायचं तसं दाट. दुसरीत कच्च्या पिठाचं पाणी, तापलेल्या रांजणावर फेकून नक्षीचे डाग उठवायला. दोन्हींवर फडकी. फडकी सारखी. इथेच घात झाला.

जाळ उतरला, रांजण लाल झाला. आता तो गरम असतानाच पाणी फेकायचं, क्षणभर उशीर झाला तर डाग धरत नाहीत, हे तुला काय सांगू! धूर डोळ्यांत, मी ओरडतेय, "बादली द्या, बादली द्या!" कोणी दिली माहीत नाही. मी झाडाची डहाळी बुडवली आणि फेकत सुटले. चर्रर्र, चर्रर्र. आणि वास काय सुटला, अगं! जळक्या गुळाचा, चिंचेचा, वर्षभरातले सगळे सण एकदम आल्यासारखा. गल्लीतली सगळी पोरं वाट्या घेऊन धावत आली. मला वाटलं, कोणाच्या तरी घरी काहीतरी करपलं.

तेवढ्यात मागे तुझे बाबा. तहानलेले. त्यांनी मोठा पेला भरून घटाघटा ओढला आणि चेहरा असा झाला की जणू त्यांना कोणी चुना पाजला.

"दोमितिला," म्हणाले, "हे आतोले तू माझ्यासाठी केलंस की माझ्यावर सूड म्हणून?"

मी बादलीत बघितलं. मग हातातल्या बादलीत बघितलं. आणि मटकन खाली बसले. तीन आठवडे उलटी पावलं टाकून केलेला रांजण, आणि त्यावर मी गोड आतोले ओतून बसले! असलं खुळं काम कोकुचोत आजवर कोणी केलं नसेल. मी पदरात तोंड घालून रडायला लागले. फिलेमोना म्हणाली, "रडू नको, निदान मुंग्यांना तरी पहिला नंबर मिळेल."

मग तो गार झाला. राख झटकली. एल्विरा, काय सांगू तुला! नेहमी आपले डाग तपकिरी येतात, सायीसारखे पसरट. हे काळेभोर आलेत. चकचकीत. कडा धारदार, आणि जिथे गूळ ओघळला तिथे लांब काळ्या रेघा खालपर्यंत. माती केशरी आणि त्यावर हे. मी बोटाच्या मागच्या बाजूने वाजवून बघितला. टणकन असा आवाज आला की चर्चमधल्या म्हाताऱ्या घंटेने मान खाली घालावी.

तुझे बाबा बराच वेळ त्याच्याभोवती फिरले. मग वाकून नाक लावलं आणि म्हणाले, "अजून वास येतोय." पुन्हा धूळ गेली त्यांच्या घशात.

तुला हे दाखवता आलं असतं तर. पण ते असो.

दोमितिला

---

कोकुचो, १९ मार्च, संत योसेफाचा दिवस

एल्विरा,

आज तुमच्या सान होसेची जत्रा. बँड वाजत असेल, फटाके उडत असतील. तू नवीन झगा घातला असशील. माझ्याकडे आज सगळं सामान बांधायचं काम आहे, पाइनच्या पानांत एकेक मडकं, आणि हात सारखा थांबतो. म्हणून हे पत्र. आज जरा तिखट लिहिणार आहे.

सहा महिने झाले. मी कधी विचारलं नाही, आज विचारते. काय मागितलं होतं आम्ही तुझ्या सासरकडून? सोनं? बैल? पावाची एक टोपली! दारात यायचं, गुडघे टेकायचे. आम्ही चार शिव्या द्यायच्या, तुझ्या बाबांनी पट्टा हातात घेऊन उगारल्यासारखं करायचं, मग सगळ्यांनी मिळून रडायचं आणि जेवायला बसायचं. दारूच्या नशेत बैल चोरणारासुद्धा दुसऱ्या दिवशी येऊन माफी मागतो. आणि तुझ्या सासूला सहा महिन्यांत एकदाही आमच्या दाराची वाट सापडली नाही? एक पाव नाही. पावाचा तुकडा नाही. मी नोव्हेंबरभर दर रविवारी अंगण झाडून ठेवत होते, कोंबडा राखून ठेवला होता. शेवटी कोंबडा म्हातारा झाला, एल्विरा. गेल्या आठवड्यात त्याचं सूप केलं. मांस चावेना.

मला तिच्यावर राग नाही. मला तुझ्यावरही राग नाही. मला घरात चहूकडे तू दिसतेस, हा राग आहे.

असो. आम्ही शुक्रवारी निघतो. जत्रेत चौकाच्या उत्तरेला, कारंज्याजवळ आमची जागा आहे, जॅकरंडाच्या झाडाखाली. तीन दिवस तिथेच. मी तुला बोलवत नाहीये. माझ्या दारात रीत आडवी येते, पण जत्रेचा चौक कोणाच्या बापाचा नाही, तिथे कोणीही येऊ शकतं, एवढंच सांगते. जॅकरंडाचं झाड. जांभळी फुलं असतात. चुकणार नाहीस.

दोमितिला

---

उरुआपान, २६ मार्च, शनिवार, दुपार

एल्वी,

पोचलो! रांजण पोचला! चीरही नाही! पाराचोच्या पुढच्या वळणावर ट्रक असा हादरला की मी रांजणाला मिठी मारून सगळ्या संतांची नावं घेतली, दोन-तीन संत माझ्याकडून नवीन तयार झाले असतील. तुझे बाबा टोपी घट्ट धरून बसले होते. मी म्हटलं, "अहो, टोपी सोडा, रांजण धरा!"

आणि गर्दी! अख्खा चौक भांड्यांनी भरलाय, पाय ठेवायला जागा नाही. कोणी तांब्याची भांडी ठोकतंय, कोणी मातीचे सैतान विकतंय, कोणी झावळ्यांचे क्रूस विणतंय. सकाळची मिरवणूक गेली तेव्हा बँड माझ्या कानातच वाजत होता आणि मी नाचले. हो, या वयात. डोक्यावर लहान घडा घेऊन. तुझे बाबा दुसरीकडे बघत होते, पण त्यांचा पाय ताल धरत होता, मी पाहिलं.

लोक रांजणापाशी येतात, हात लावतात आणि मग नाक पुढे करतात. "बाई, हा गोड वास कशाचा?" मी म्हणते, "आमच्या घराण्याचं गुपित आहे." एका बाईने शपथ घालून विचारलं तेव्हा फिलेमोना मागून म्हणाली, "गुपित म्हणजे हिला दोन बादल्यांतला फरक कळत नाही." विक्री इतकी की कढया संपल्या, उदबत्तीची भांडी संपली, आणि अजून उद्याचा मुख्य दिवस बाकी आहे.

आता निकाल. परीक्षक आले, चष्मा लावून रांजणाभोवती फिरले, म्हणजे आमच्यासारखेच, फक्त सुलट्या पावलांनी. दुसरा नंबर, एल्वी! निळी फीत! मी फिलेमोनाला इतक्या जोरात मिठी मारली की तिची वेणी सुटली.

पहिला नंबर कोणाला, तर माझ्या शेजारणीला. ही बाई आमच्या शेजारी काल दुपारी येऊन बसली. अननसवाली, तुमच्याच गावची. तिथे खरं म्हणजे टोपल्या विणणारा होता, हिने त्याच्याशी जागा बदलून घेतली, का कोण जाणे. बाई विचित्र आहे. उरुआपानचा हा उकाडा, आम्ही घामाने भिजतोय, आणि हिच्या गळ्यात लोकरीची शाल गुंडाळलेली, हनुवटीपर्यंत. मी म्हटलं, "बाई, घसा दुखतोय का?" तर म्हणाली, "घसा नाही, मान जपतेय." आणि स्वतःशीच हसली. माझं प्रत्येक बोलणं कान देऊन ऐकते. मी तुझ्या बाबांना म्हटलं, "भांडं राजासारखं जागेवर असतं," तर ही तिकडून म्हणते, "आणि आपणच गरगरतो." शब्द न् शब्द! फीत अननसाच्या शेंड्याला बांधली आणि माझ्याकडे वळून म्हणते कशी, "शंभर पानं चिकटवली की झालं भांडं, नाही का हो ताई?" हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं मला. पण बरं बनवते. पान न् पान हाताने केलेलं आहे, मोल्डबिल्ड काही नाही. खरं ते खरं.

तिच्या टेबलाखाली एक टोपली आहे, कापडाने झाकलेली. दोनदा बाहेर काढली, आमच्याकडे बघितलं आणि परत आत सारली.

आणखी एक. ग्वादालाहाराच्या एका हॉटेलवाल्याला रांजण हवाय. सांगितली ती किंमत देतो म्हणाला. पत्रे काय, छपराला नक्षी येईल. मी लगेच 'घ्या' म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं, "उद्या सांगते." का, मलाच कळलं नाही. दिवसभर गर्दीत एक लांब हातांची पोरगी शोधतेय मी. जॅकरंडाखाली कितीतरी पोरी आल्या.

तू आली नाहीस. बरं आहे. उद्याचा दिवस आहे अजून.

हे पत्र या शेजारणीकडेच देते, तुमच्या गावची आहे तर पोचवेल. भोचक आहे, पण डोळे प्रामाणिक वाटतात.

आई

---

सान होसेच्या वाटेवर, २८ मार्च, ट्रकमध्ये

चिरंजीव एल्वीस, अनेक आशीर्वाद. मागचे सहा महिन्यांचेही यातच धर.

अक्षर वेडंवाकडं आहे कारण ट्रक हलतोय आणि माझ्या मांड्यांत रांजण आहे. सगळं सांगते.

मी पत्राची घडी घातली आणि शेजारणीकडे गेले. म्हटलं, "बाई, तुम्ही सान होसेच्या ना? आमची एल्विरा तिकडे दिली आहे... म्हणजे दिली नाही, गेली. सिल्वानोची बायको. एवढं पत्र पोचवाल?"

तिने पत्र घेतलं. उलटसुलट केलं. मग म्हणाली, "पोचवायला कशाला हवं? एरवी सगळी पत्रं मी घरी बसूनच ऐकते. हे इथे ऐकते. वाचा."

"म्हणजे?"

तिने शाल सोडली. सावकाश, एकेक वेढा. आणि मान उंच करून माझ्यासमोर उभी राहिली. "नीट बघा, विहीणबाई. टर्कीसारखी आहे का?"

एल्वी, जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते! तू माझी पत्रं मोठ्याने वाचत होतीस? चुलीपाशी? सगळ्यांसमोर? तुझी सासू, दोन्या कुका, म्हणाली, ती टर्कीची ओळ तू गाळणार होतीस, पण तुला इतकं हसू आलं की सिल्वानोने कागद ओढून घेतला. आतोलेच्या बादलीचं पत्र तर शेजाऱ्यांना बोलावून दुसऱ्यांदा वाचलंत म्हणे. मी इथे प्रत्येक शब्द तोलून रागाने लिहितेय आणि तिकडे माझा तमाशा चाललाय!

मी तोंड उघडणार तोच तिचा सूर बदलला. म्हणाली, "ताई, टर्कीचं मी सोडून दिलं. पण संत योसेफाच्या दिवसाचं पत्र आलं ना, ते ऐकून माझ्या हातातलं अननसाचं मातीचं पान गळून पडलं. एक पाव नाही म्हणालात तुम्ही. आम्ही आलो होतो हो."

"कुठे?"

"तुमच्या दारात. नोव्हेंबरमध्ये, मृतांच्या दिवसानंतर. मी, सिल्वानो आणि त्याचा काका. टोपली घेऊन. तुम्ही भांड्यांची माती आणायला गेला होता. तुमच्या मालकांनी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाले, इथे कोणाला मुलगी नाही. आम्ही परत गेलो. पोरगी चार दिवस जेवली नाही. आम्हाला वाटलं, तो तुम्हा दोघांचा निरोप आहे, म्हणून ती तुमच्या पत्रांना उत्तर लिहायलाही धजली नाही."

मी वळले. तुझे बाबा मडक्यांच्या मागे, टोपी तोंडावर ओढून, झोपेचं सोंग घेऊन.

"फौस्तिनो!" मी नाव घेऊन हाक मारली. सबंध चौकाने वळून बघितलं. बँडसुद्धा थांबला असेल.

त्यांनी टोपी काढली. अगं, मला शिव्यांची माळ लावायची होती. पण त्यांचा चेहरा बघितला आणि आधी त्यांना बोलू दिलं. म्हणाले, "तू घरी नव्हतीस. ते गुडघे टेकणार, मग रडायचं असतं. मी एकटा कसा रडू? म्हटलं, आत्ता घालवून देऊ, परत येतील तेव्हा तू असशील. ते आलेच नाहीत. मग तुला कोणत्या तोंडाने सांगू?"

नोव्हेंबरभर मी अंगण झाडत होते आणि हा माणूस मला झाडू आणून देत होता.

मग मी काय केलं सांगू? तिथेच, जॅकरंडाखाली, शेकडो लोकांसमोर, मी त्यांच्या पाठीत धपाटे घातले आणि धपाटे घालता घालता रडायला लागले. ते रडले. कुका रडली. फिलेमोना तर कारण न विचारताच रडली. मग कुकाने टेबलाखालून ती टोपली काढली, सिल्वानोला हाक मारली, आणि तुझा नवरा तांब्याच्या भांड्यांच्या आड लपला होता तिथून बाहेर आला. दोन दिवस तिथेच होता म्हणे, हिंमत गोळा करत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, पण याचा उतावळेपणा भांड्यांमागेच संपला होता. त्याने दगडी फरशीवर गुडघे टेकले. मी त्याला शिव्या दिल्या. सहा महिने घोकलेल्या, एकही विसरले नाही. त्याने प्रत्येक शिवीला "हो, आई" म्हटलं. तुझ्या बाबांकडे पट्टा नव्हता, सुतळीवर पँट बांधून आले होते, म्हणून त्यांनी एक झावळी उगारली.

पाव दोन दिवसांचे शिळे झाले होते. विटेसारखे. कुका हात धरून म्हणाली, "थांबा ताई, ताजे आणते." मी म्हटलं, "खबरदार!" आणि कॉफीत बुडवून तिथेच अख्खा खाल्ला. इतका गोड पाव मी जन्मात खाल्ला नव्हता.

मग मी विचारलं, "आणि ती का नाही आली? मी झाडसुद्धा सांगितलं होतं."

कुका हसली. "ट्रकचे धक्के तिला झेपणार नाहीत आता. सातवा महिना लागलाय."

एल्वी! सातवा! आणि पत्रात एक शब्द नाही! पत्रच नाही म्हणा. मी आजी होणार हे मला भर जत्रेत, हातात शिळा पाव असताना कळावं! मी काय केलं ते मला आठवत नाही. फिलेमोना सांगते की मी हिरवा अननस उचलून त्याचा मुका घेतला.

कुका म्हणाली, "डोहाळे एकच. चिंचेचं आतोले. मी कितीदा केलं, एक घोट घेते आणि म्हणते, हे नाही. आईचं असतं तसं नाही. आणि मग ते बादलीचं पत्र आलं, तेव्हा पोरगी हसता हसता एकदम रडायलाच लागली. म्हणाली, माझं आतोले रांजणाला मिळालं."

रविवारी दुपारी हॉटेलवाला आला, पाकीट हातात घेऊन. मी म्हटलं, "साहेब, रांजण गेला." तो म्हणाला, "कोणी जास्त देऊ केले का?" मी म्हटलं, "नाही हो, फुकट गेला." तुझे बाबा छपराचे पत्रे जणू आभाळात उडून जाताना बघत होते. पण म्हणाले, "बारशाला पुरेल एवढं आतोले मावेल यात?" मी म्हटलं, "तुम्हीच विचारत होता ना, हा मावायचा कशात?"

आता ट्रक तुमच्या गावात शिरतोय. सिल्वानो चालवतोय, कासवासारखा, मी दर खड्ड्याला त्याला दम देते. तुझे बाबा समोर बसलेत, दोन्ही हात रांजणाच्या आत घालून, टेकू देत. टोपी कुठेतरी उडून गेली, त्यांना पत्ताच नाही.

हे पत्र मी कुकाच्या हाती देणार आहे. ती आधी आत येईल आणि तुला देईल. तू धावत येऊ नकोस, या दिवसांत धावायचं नसतं. बसून, शेवटपर्यंत वाच. मोठ्याने वाच हवं तर, आता मला लाज उरली नाही.

वाचून झालं की रांजणाला जागा कर आणि मोठं पातेलं चुलीवर ठेव. पीठ तुझ्याकडे असेलच. चिंच आणि गूळ मी आणलाय.

आणि दार उघड. मी बाहेर उभी आहे.

तुझी आई